घर विकण्याआधी माळवदावर चढा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपली जुनी माणसं सांगत आली. घर विकून पाहावं, असं मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. पूर्वी गावात घर विकणं ही नामुष्की होती. सावकाराचं देणं नाहीतर भाऊबंदकी, याशिवाय वडिलांचं घर कोण विकणार? आज तसं राहिलेलं नाही. तुमच्याच गल्लीत मोजून बघा, किती दारांना कुलपं आहेत. कुणी शेतात वस्ती करून राहिलं, कुणी तालुक्याला गेलं, कुणी पुण्याच्या बाजूला. घरं तेवढी गावठाणात उभी आहेत. आणि माणूस नसलेलं मातीचं घर किती पावसाळे काढतं, हे तुम्हाला मी निराळं सांगायला नको.

आम्ही आमचं गावातलं घर गेल्या उन्हाळ्यात विकलं. आम्ही म्हणजे आई, मी, धाकटा भाऊ आणि आमची थोरली बहीण, आक्का. गाव धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत. घर माळवदाचं. सोपा पाच खणांचा, माजघर तीन खणांचं, कडेला दोन खणांचा गोठा, पुढं ढाळज, मागं परस. मी बारा वर्षांपूर्वी शेतात राहायला गेलो. धाकटा पुण्याला कारखान्यात आहे. आई दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांपायी वस्तीवर आली आणि घराला कुलूप लागलं. धाकट्याला मुलाच्या शिक्षणाला पैसे हवे होते, मला विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन करायची होती. विकायचं ठरलं, आणि लगेच प्रश्न उभा राहिला. विकण्याआधी घरावर खर्च करायचा का? करायचा तर कशावर? ही पाळी तुमच्यापैकी पुष्कळांवर येणार आहे, म्हणून आमच्या घराची हकिगत तुमच्यापुढं ठेवतो.

सल्ले देणारे कमी नव्हते. कुणी म्हणालं, दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करा. कुणी म्हणालं, सोप्यात फरशी बसवा, झकास रंग द्या, गिऱ्हाईक दारातच गार झालं पाहिजे. शहरात हे चालत असेल. तिथं विकणारा किल्ली हातात देतो आणि पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही. गावात तसं नाही. आपलं घर घेणारा माणूस उद्या गिरणीत भेटतो, परवा पारावर भेटतो, सप्त्याच्या पंगतीत आपल्या शेजारच्या पत्रावळीवर बसतो. त्याचं माळवद गळलं तर तो दर पावसाळ्यात तुमच्या नावानं पातेली मांडणार, आणि ते तुमच्या कानावर येणार. आम्ही सगळी दुरुस्ती केली ती एवढं एक ध्यानात धरून.

तेव्हा मी म्हणतो, रंगाच्या दुकानात जाण्याआधी शिडी लावा आणि माळवदावर चढा.

ज्यांचा जन्मच स्लॅबखाली झाला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा लाकडाच्या चिपा, त्यावर लिंबाचा पाला नाहीतर तुरीच्या काड्या, त्यावर माती आणि सगळ्यात वर पांढरी. काळी माती उन्हात भेगाळते, पांढरी भेगाळत नाही. पाणी पडलं की ती अंग आवळून बसते. ही पांढरी गावच्या गढीतून नाहीतर जुन्या टेकाडातून आणायची. आमच्याच जिल्ह्यात तेरला अशा उकराउकरीत सातवाहनांच्या काळातल्या वस्तू लोकांच्या हाती लागत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या आणि आज तेरला त्यांच्या नावानं संग्रहालय आहे. आपल्या आज्यापणज्यांनी असे किती मणी आणि किती खापरं आपल्याच डोक्यावर नेऊन टाकली असतील, कुणास ठाऊक!

मृगाआधी पांढरीचा एक थर टाकायचा, ही आपली रीत. रीत चांगली, पण तिच्यात एक खोट आहे. नवा थर पडतो, जुना कुणी काढत नाही. दोन पिढ्या गेल्या की माळवदावर हातभर, कुठं दीड हात माती चढून बसते. हिशेब करून बघा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागेवर एक फूट माती म्हणजे १०० घनफूट. तिचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, भिजली की आणखी वाढतं. भरलेल्या ट्रॉलीएवढं ओझं वर आणि खाली आपली अंथरुणं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणाला आठवून द्यावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती पाण्यात गेले होते, माणसं थकून झोपली होती. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली. आमचं गाव तिथून लांब, तरी आमच्याही घरातली उतरंड वाजली आणि आईनं आम्हाला ओढून अंगणात काढलं. हजारो माणसं गेली. पुढं पाहण्या झाल्या तेव्हा कारण दिसलं ते असं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या. भिंतीचा आतला पदर निराळा, बाहेरचा निराळा, मध्ये दगडगोटे भरलेले. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. आणि वर मातीचं हे ओझं. भिंत हलली, पदर सुटले, माळवद खाली आलं. जिथं ओझं लाकडी खांबांवर होतं, तिथं काही घरांत भिंती ढासळूनही माळवद उभं राहिलं. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून आमच्याकडं जुनं घर बघायला आलेला माणूस ओसरीवर पाय ठेवायच्या आधी मान वर करतो. त्याची ती मान रंगानं खाली येत नाही.

आम्ही चैत्रात माती उतरवली. घाई केली नाही. एका बाजूची सगळी माती काढली तर तुळयांवर वेडावाकडा भार येतो, म्हणून दोन्ही अंगांनी थोडी थोडी, पाट्यांनी खाली घेतली. सात ट्रॉल्या निघाली. ती मी वरच्या मुरमाड तुकड्यात पसरली, वाया काही गेलं नाही. जुना पाला आणि काड्या कुजून भुगा झाला होता, तो झाडून काढला. लिंबाचा नवा पाला पसरला, त्यावर थोडी माती, तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि कागदावर चाळलेली पांढरी. सगळी मिळून वीतभर जाडी, तिच्यावर बोट नाही. पन्हळांकडं उतार धरला आणि दोन पन्हळं नवीन बसवली. पांढरी चोपून झाल्यावर दहा-बारा घागरी पाणी ओतून खाली बसून राहिलो. एकही थेंब आला नाही. मग म्हटलं, आता पुढचं.

पुढचं खालीच होतं. भार उतरल्यावर मी प्रत्येक तुळई हातोडीनं ठोकून पाहिली. तुम्हीही पाहा, त्याला काही विद्या लागत नाही. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद वाजतं. मधल्या भागाकडं फार बघू नका, टोकं बघा. तुळई भिंतीत शिरते तिथं ओल असते आणि उधई भिंतीतूनच चढते. आमच्या सोप्यातली तिसरी तुळई बाहेरून काळीभोर, तेलपाणी केलेली, दृष्ट लागावी अशी. भिंतीजवळ आरी लावली तर बोटभर आत गेली.

आमचे गवंडीमामा तीस वर्षांचे माहीतगार. ते म्हणाले, "दादा, हिला हात लावला तर खर्चात पडाल. खालून सिलिंग मारू. पांढरंशुभ्र दिसंल. वर काय हाय ते कुणाला दिसतंय?"

धाकटा त्या आठवड्यात आला होता. त्याला ते एकदम पटलं. त्यानं हिशेबही मांडला. सिलिंगला इतके, तुळई बदलायला तितके, आणि सिलिंग केलेलं घर पाच-पन्नास हजारांनी जास्त जाईल. "आणि दादा, जुनं घर घेणाऱ्याला माहीत असतंच की, जुनं आहे म्हणून."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. पण जुनं आहे हे माहीत असणं निराळं आणि तिसरी तुळई भिंतीपाशी संपलेली आहे हे माहीत असणं निराळं. ती तुळई ज्याच्या अंथरुणावर येणार, त्याला ती दिसू नये म्हणून आपण पैसे खर्च करायचे? मी नाही म्हटलं. दोन दिवस आम्ही भाऊ एकमेकांशी धड बोललो नाही. आई दोघांना निरनिराळं वाढत होती.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती गावात फारशी कुणाला माहीत नसते. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात लिहिलेलं आहे, की मिळकतीत किंवा तिच्या मालकीत एखादा मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साधारण काळजीनं बघूनही सापडण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगितला पाहिजे. सिलिंगच्या वरची पोखरलेली तुळई यातच बसते. धाकट्याला मी हे कलम सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. पटून झाला की भिऊन, ते मी विचारलं नाही.

मग तुळई बदलली. माळवदाचा भार आधीच उतरलेला होता म्हणून काम सोपं गेलं. दोन्ही बाजूंना धिरे लावले, कड्या तोलून धरल्या, जुनी तुळई काढली आणि तिच्या जागी लोखंडी गर्डर सरकवला. भिंतीत टोकाखाली घडीव दगड बसवला. लाकूडच हवं असा हट्ट धरला नाही. तेवढ्या लांबीचं सागवान आता आपल्या आवाक्यात नाही. बाकीच्या तुळयांच्या टोकांना उधईचं औषध लावलं. ते विष आहे हे विसरू नका. त्या दिवशी घरात धान्याचं पोतं नको, पोर नको, चूल नको. जुनी तुळई मी मुद्दाम परसात आडवी टाकून ठेवली. घर बघायला येईल त्यानं तीही बघावी.

भिंतींचं थोडक्यात सांगतो. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारू नका. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं. ओल आतच राहते, भिंतीचा पाया मऊ होतो, आणि चार-दोन वर्षांत सिमेंटची खपली पापडासारखी सुटून येते. सुटताना माती घेऊन येते. आमच्या समोरच्या घराचं तसं झालेलं आम्ही रोज बघत होतो. आम्ही गव्हाचं भुस्कट आणि शेण घालून आठवडाभर कुजवलेल्या चिखलाचा गिलावा केला आणि त्यावर कळीच्या चुन्याचे तीन हात दिले. खाली हातभर गेरूचा पट्टा. फरशी बसवलीच नाही. आक्का आणि आमच्या मंडळींनी मिळून सारवून काढलं. बघणाऱ्याला जमीन कशी आहे ते दिसलं पाहिजे, आणि ज्याला फरशी हवी असेल तो आपल्या आवडीची बसवील. तुमच्या आवडीची फरशी त्याच्या गळ्यात कशाला?

मधेच एक लाकडाचा व्यापारी येऊन गेला. असे हल्ली गावोगाव हिंडतात. जुने खांब, नक्षीच्या चौकटी, कोरलेले हस्त घेऊन जातात, शहरात त्याला भाव आहे. तो म्हणाला, घर पाडा, लाकूड मला द्या आणि मोकळी जागा निराळी विका. बेरीज केली तर त्याचा आकडा खरोखर जास्त येत होता. पण पाडण्याची मजुरी, दगडमाती वाहून नेणं आणि शेजाऱ्याची सामाईक भिंत उघडी पडल्यावर तिला नवा आधार देणं, हे त्याच्या बेरजेत नव्हतं. ते घातल्यावर आकडा सरळ झाला. तुमच्याकडं असा कुणी आला तर त्याला हाकलू नका, पण बेरीज तुमची तुम्ही करा. आणि तो "नुसती चौकट द्या" म्हणाला तर मुळीच देऊ नका. चौकट काढलेल्या घराकडं मग कुणी घर म्हणून बघत नाही.

आता कागद. माळवदाइतकाच कागदही गळतो, फक्त त्याचे थेंब उशिरा पडतात.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा आपल्या नावावर आहे म्हणजे घर आपलं, असं पुष्कळांना वाटतं. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकीचा पक्का पुरावा म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तलाठ्याकडचा ८ अ तर निराळाच, तो शेतजमिनीच्या खात्याचा. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं स्वामित्व योजना सुरू केली आणि गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊ लागली. तुमच्याही गावात झाली असेल. आधी आपापल्या हद्दी चुन्यानं आखायच्या, मग वरून ड्रोन फिरतो, आणि पुढं भूमी अभिलेखकडून सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. आमच्या गावात चुना आखला त्या दिवशी मी शेतातली कामं टाकून हद्दीवर उभा होतो. शेजारी आणि आमच्यात बोळाच्या दीड फुटाचा वाद आजोबांच्या वेळेपासून होता. दोघांनी मिळून एकच रेघ आखली. आधी चुना कुणी ओतायचा यावर थोडी कुरबुर झाली, मग चहा झाला. पन्हळाचं पाणी त्याच्या अंगणात पडत होतं ते आम्ही नळी घालून बोळात सोडलं आणि तसं लिहून दोघांनी सह्या केल्या. घर विकायचं असेल तर शेजाऱ्याशी असलेलं भांडण आधी मिटवा. नवा माणूस भिंती विकत घेतो, भांडण विकत घेत नाही.

घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचं बिल सगळं भरून दाखले घेतले. वीज अजून वडिलांच्या नावावर होती. वडील १९९८ साली गेले. वारसांची नोंद करायला गेलो तेव्हा आक्काचा विषय निघाला.

गावातल्या एका जाणत्यानं सुचवलं, "आक्काकडून हक्कसोड करून घ्या. तुमची बहीण काय नाही म्हणणार आहे?" आणि आक्का नाही म्हणणारच नव्हती. ती म्हणाली, "मला काय करायचंय रे पैसे? माझं माहेर तुटाया नको."

वाचकहो, हे वाक्य तुम्ही तुमच्याही घरात ऐकलं असेल. म्हणून नीट सांगतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षं घोळ होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला. २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. आधीच कायदेशीर वाटणी झालेली नसली, तर मुलीचा हिस्सा आहेच. घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. बहिणीची सही नसलेलं घर त्यानं घेतलं तर उद्या भाचे उभे राहू शकतात. म्हणजे बहिणीची सही ही दुरुस्तीच आहे, आणि ती चुन्याआधी करायची आहे. हक्कसोड करायची तर तीही नोंदणी करूनच करावी लागते, साध्या कागदावर अंगठा घेऊन भागत नाही.

पण मला कायद्यापेक्षा आईचं म्हणणं लागलं. ती कोपऱ्यात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाळीला साडी देता म्हणून घरातलं देऊ नये, असं कुठं असतं का? तिनं बी ह्या घराला सारवलंय. तुमच्यापेक्षा जास्तच सारवलंय."

त्यानंतर कुणी बोललं नाही. चौघांचे चार हिस्से झाले. विकणाऱ्यांत आक्काचं नाव लागलं आणि तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या स्वतःच्या बँकखात्यात गेले. धाकट्याच्या हाती त्यानं धरला होता त्याहून कमी आकडा आला. त्याचा चेहरा उतरला, नाही असं नाही. माहेर मात्र तुटलं नाही. पंचमीला आक्का आली होती, चार दिवस राहून गेली.

घर घेतलं ते आमच्याच गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं. पंधरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला माणूस. तो आला आणि त्यानं मान वर केली, मी म्हटलंच होतं. खिशातून चाकू काढून प्रत्येक तुळईचं टोक स्वतः टोचून पाहिलं. मी त्याला परसातली जुनी तुळई दाखवली, गर्डर दाखवला. मग गोठ्यात नेलं आणि सांगितलं, की गोठ्याला आम्ही हात लावलेला नाही. त्याचं माळवद मागच्या कोपऱ्यात गळतं, भिंतीला पोट आलंय, ती उतरवून नव्यानं बांधायची असं समजूनच भाव कर. धाकटा मागं उभा होता. त्यानं सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला. गिरणीवाल्यानं गोठ्यापायी पंचवीस हजार कमी केले. सोप्याबद्दल मात्र त्यानं एक शब्द काढला नाही.

त्याच्या बायकोनं वर बघितलंच नाही. तिनं विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं आणि माजघरापर्यंत चढतं का? चुलीचा धूर कुठून जातो? मोरीचं पाणी कुठं निघतं? पावसाळ्यात सरपण कुठं कोरडं राहतं? रात्री परसाकडं जायला उजेड आहे का? या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, धाकट्याला तर नाहीच. ती सगळी आईनं आणि आक्कानं दिली. म्हणून सांगतो, घर दाखवायला पुरुषांनी एकट्यानं जाऊ नये. सौदा पुरुष करतात असं दिसतं, पण घर घ्यायचं की नाही हे त्या दिवशी मोरीजवळ ठरलं.

काय राहणार आणि काय नेणार, तेही तिथंच, बोलणी व्हायच्या आधी सांगितलं. जातं आणि तांब्याचा हंडा आमच्याबरोबर. जमिनीत पुरलेलं उखळ, परसातली दगडी कुंडी, ढाळजेतला रांजण आणि खुंट्या घराबरोबर. देव आईनं स्वतः पदरात घेऊन वस्तीवर आणले, तुळस तिथंच ठेवली. साध्या गोष्टी वाटतात, पण ठरलेले व्यवहार रांजणावरून फिसकटलेले मी पाहिलेत.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं रीतसर नोंदवलं. बॉण्डपेपरवर नोटरी करून घर विकण्याची आपल्याकडं अजून चाल आहे. तिच्या नादाला लागू नका. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणी झालेल्या खताशिवाय विकली जात नाही, हे त्याच १८८२ च्या कायद्यात आहे.

दुरुस्तीला गेलेला खर्च चौघांच्या हिश्श्यातून सारखा वळता केला. धाकटा अजून कधीमधी म्हणतो, सिलिंग केलं असतं तर वरचे पाच-पन्नास आले असते. आले असते, त्याचं काही चूक नाही. माझी पाइपलाइन आखली होती त्यापेक्षा दोनशे फूट आखूड झाली. वरच्या तुकड्याच्या टोकाला पाणी अजून पोचत नाही.

यंदा मृगात पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याचा पोरगा सायकलवर वस्तीवर आला. मला वाटलं, आलं माळवद! पोरगा म्हणाला, "आज्जी, मोरी तुंबली. आई विचारतीय, पाणी कुठं अडतंय?" आई म्हणाली, "कुंडीच्या मागं एक चपटा दगड हाय, त्याच्यावर माती चढली आसंल. तो पहारीनं उचला, खाली नाली हाय. पोळ्याच्या आधी एकदा गाळ काढायचा, म्हणजे वरीसभर बघाया नको." पोरगा सायकल वळवून निघाला, तेवढ्यात आईनं त्याला पुन्हा हाक मारली आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी कॅरेजला बांधून दिली.